सहावा छर्रा

बाणगंगेच्या उतारावर ब्रेक लागलाच नाही
तेव्हा मी ट्रॅक्टर सरळ घातला
ठमाजी नाठ्यांच्या कांद्याच्या पोळीत.
कांद्यांनी आम्हाला धरलं.
ठमाजी आला, पात सारून आधी कांदे पाहिले,
मग म्हणाला, "लागलं नाही ना, वहिनी?"
दीड क्विंटल भरून द्यायचं ठरलं.
चहा त्यानंच पाजला.

आज उजवं मोठं चाक काढून
धूड चिंचेच्या ओंडक्यावर टेकवलंय.
नुसत्या जॅकवर माझा विश्वास नाही.
पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड.
सोपान सिन्नरला पाळीवर, फोनवरून म्हणतो,
"ओझरचा मिस्त्री बोलव ना."
मिस्त्री लग्नाला गेलाय.
लग्नसराईत सगळे मिस्त्री कुणाचे ना कुणाचे मामा असतात.

आण्णा ओट्यावर.
सतरा नंबरचा पाना मागितला की बोटानं दाखवतात,
बोलत नाहीत.

पहिला बोल्ट शिवी ऐकून सुटला,
बाकीचे डिझेल पाजून.
आत काळा बुक्का.
फुटक्या सीलातून आलेलं तेल
लायनरनं पिऊन घेतलंय,
आणि झिजलंय ते तिरपं:
एका अंगाला अजून वर्षभर चाललं असतं,
दुसऱ्या अंगाला नुसती रिव्हेटांची डोकी.

तिरपं का,
ते दोन चकत्या उलगडल्यावर दिसलं.
पेडल दाबलं की चकती जरा फिरते,
छर्रे आपापल्या खाचेतला चढ चढतात,
चकत्या एकमेकींपासून सरतात
आणि लायनर दाबला जातो.
थांबायचं म्हणजे आत कुणीतरी चढायचं असतं,
हे मला माहीत नव्हतं.

स्वरांजली मोबाइलचा उजेड धरून मोजते.
पाच.
खाचा सहा.

परात चाळली, डिझेल फडक्यातून गाळलं,
तिचे खिसे पाहिले. ती रडली.
मी तिची माफी मागितली, काळ्या हातांनीच.
मग सहावी खाच नखानं खरवडली:
वंगण वाळून खडा झालेला,
वर एक ओरखडा नाही.
इथं छर्रा हरवलेला नव्हता.
इथं तो मागच्या वेळी बसलाच नव्हता.

मागची खोलणी आण्णांची.
माझ्या लग्नाच्या वर्षी, याच अंगणात.
तेव्हा इथं फरशी नव्हती,
वाळू होती.

मी मान वर केली नाही.
आठवत राहिले:
पुलाच्या फर्लांगभर आधीच खालचा गेअर,
मागं मोटारसायकलींचे हॉर्न,
"आण्णा, यापेक्षा बैलगाडी बरी," असं सोपान,
आणि ते हसायचे.
बारा वर्षं त्यांनी तो एक छर्रा
आपल्या सावकाशीनं भरून काढला.
चावी माझ्या हातात देताना मात्र एवढंच,
"उतार बघून जा."

राग आला. खोटं कशाला सांगू.
पोळीच्या जागी शाळेची रिक्षा असती तर?
पाना फरशीवर आपटला,
वरून ओझरचं विमान गेलं,
आवाज कुणाला ऐकू आला नाही.

पिंपळगावचा दुकानदार म्हणाला,
सुटा छर्रा मिळत नाही, सेट घ्या.
सील, लायनर, कागदात गुंडाळलेले सहा.
दिवे लागायच्या आत बसवलं.
दोन्ही पेडलांची खुटी अडकवून
गल्लीच्या टोकापर्यंत नेला, दाबला:
दोन्ही चाकांचे ओरखडे सारखे,
कुत्रं उठून लांब जाऊन बसलं.

मी राखेनं हात घासत होते.
आण्णांचं आजचं पहिलं वाक्य:
"आत किती निघाले?"

"सहा," मी म्हणाले.

त्यांनी तंबाखूची चंची बांधली,
परत सोडली.
"पाच असतील," म्हणाले.
"नीट मोज."