पातळ करून

दोन हजारांच्या पुढे यंत्राला मोजता येत नाही.
पडद्यावर नुसतं ‘जास्त’ उमटतं.
मग मी नमुना दहापट पातळ करते.
पुन्हा ‘जास्त’.
शंभरपट.
एक्केचाळीस हजार सहाशे.
हायफाँगच्या बंदरावर पहाटेचा भोंगा होतो
आणि मी वॉर्डाला फोन लावते.

नळीवर नाव: न्हिएन. वय चार. खाट नववी.
मी तिला पाहिलेलं नाही.
मला तिचं फेरिटिन माहीत आहे,
आणि काल काचपट्टीवर दिसलेली
तिच्या मज्जेतली एक पेशी,
राखणीला ठेवलेली, फुगलेली,
पोटात तीन तांबड्या पेशी, अख्ख्या.
कुंपणच शेत खातं म्हणतात ते
इतकं जांभळं असेल असं वाटलं नव्हतं.

विषाणू तसा साधा,
कुणाच्या तरी उष्ट्या चमच्यातून आलेला.
बाकीची मुलं आठवडाभर घसा धरून बसतात, विसरतात.
हिच्या रक्ताला विसरता आलं नाही.
चोर कधीचा कोपऱ्यात अंग चोरून,
आणि घरचेच लोक काठ्या घेऊन
भांडी फोडत सुटलेत.

तिचा बाप, थिएप, कंटेनरना वेल्डिंग करतो.
जिन्यात डॉक्टर क्वेबाईंना विचारत होता,
मी नमुन्यांचा डबा घेऊन तिथेच अडकले होते:
“पोर लढतेय, आणि तुम्ही तिचेच हात बांधणार?”
“हो,” बाई म्हणाल्या.
बराच वेळ काही नाही. मग,
“भडका उडाला की तुम्ही आधी काय बंद करता?”
त्याने करपलेला अंगठा चोळला.
सही कुठे करायची, एवढंच विचारलं.

स्टेरॉइड. पाठोपाठ कर्करोगावरचं औषध,
कर्करोग नसताना.
नळ्या येत राहिल्या.
अठ्ठावीस हजार.
तीस. (त्या रात्री मी दोनदा मोजलं.)
एकोणीस.
नऊ.
मग बुधवारी नळी नाही.
गुरुवारी नाही.
विचारायची आमच्यात रीत नाही.
फ्रीजमध्ये तिची जुनी नळी होती,
टाकून द्यायची तारीख उलटलेली.
मी ती मागच्या रांगेत सरकवली.

सतराव्या दिवशी आली.
खाटेच्या जागी ‘बाह्यरुग्ण’,
आणि चिठ्ठीच्या कोपऱ्यात कुणीतरी
निळ्या पेनाने काढलेला, बहुतेक, मासा.
आठशे बारा.
बरी नाही म्हणायची अजून.
पण यंत्राने एका दमात वाचलं,
आणि पातळ करायला उचललेलं पिपेट
माझ्या हातात तसंच राहिलं.