खालचं शहर

गिस्लांदी नावाचा म्हातारा, बेर्गामोचा,
टोपी बगलेत मारून डॉकयार्ड रोडच्या जिन्यापाशी उभा.
मी सवयीने छत्री उंच धरली, म्हटलं,
आधी भंडारवाड्याची टेकडी चढू,
वरून सगळं दिसतं, गोदी, क्रेनी, पार तुर्भ्यापर्यंत.

तो म्हणाला, वरचं नको.

त्याच्या गावात दोन शहरं आहेत, एकावर एक.
वरच्याला तट, घुमट, पोस्टकार्डं.
खालच्यात तो, त्याची बायको होती तेव्हा बायको,
आणि बटणांचा एक कारखाना, तोही बंद.
लोक स्टेशनात उतरतात, मान वर करतात
आणि थेट दोराने ओढायच्या गाडीत जाऊन बसतात.
"सत्तर वर्षांत माझ्या गल्लीत
वाट चुकल्याशिवाय कुणी आलं नाही."

मी छत्री मिटली.
माझ्या यादीत तर सगळं वरचंच.

म्हातारपाखाडीत फिलोमिना घोन्साल्विस
ओट्यावर मिरच्या निवडत बसलेली.
"याला काय दाखवतेस गं? माझी दोरीवरची कापडं?"
तो तिच्याशेजारी बसला, देठं खुडू लागला.
पाऊण तास. मी तासावर पैसे घेते,
पण घड्याळ बघायची लाज वाटली.
मध्येच डोळे चोळले त्याने, व्हायचं तेच झालं,
फिलोमिनाने तांब्याभर पाणी ओतलं त्याच्या तोंडावर.
"तुमच्या टेकडीवर आहे तरी काय?" भिजलेला विचारतो.
पाणीच, मी म्हटलं. बागेखाली टाकी आहे.
पहाटे खाली येतं, तेवढं.
"आमच्या वर नुसते पाहुणे," तो म्हणाला.

मग दारूखाना.
तुटलेल्या जहाजांचे साखळदंड, एकेक कडी वासराएवढी,
बशा, कंदील, कप्तानाच्या खोलीतला आरसा
ज्यात आता समोरचा वडापाववाला राहतो.
मुस्तन्सिरभाईंच्या गल्ल्यामागे पितळी पट्टी,
रोज लिंबाने घासलेली. SPINGERE.
"कप्तान स्पिंजेरे," भाई छातीवर हात ठेवून म्हणाले,
"फार दिलदार माणूस. वादळात जहाज सोडलं नाही.
बावीस वर्षं झाली, विकायला मन होत नाही."
गिस्लांदीने चष्मा लावला. काढला. पुन्हा लावला.
माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाला,
ढकला. दारावर लिहितात ते. ढकला.

सांगू का, मी डोळ्यांनी विचारलं.
त्याने मान हलवली, नको,
आणि टोपी काढून पट्टीसमोर
थोडा वेळ उभा राहिला.
भाईंनी चहा मागवला. कटिंग, तीन.
वादळाची गोष्ट या वेळी जरा लांबली,
कप्तानाला एक मुलगीही झाली त्यात.

रात्री घरी आले. पावसाळ्यात फुगलेलं आमचं दार
अजून अडतंच. खांदा लावला, म्हटलं, स्पिंजेरे.
उघडलं नाही.
आतून कडी होती.