निळं वजा जातं

सदरलंडची टेकडी, जुलैची रात्र.
बाहेर ठेवलेल्या बादलीवर बर्फाची साय.
मी मीटा स्वार्टबोई, दुर्बिणीच्या रात्रपाळीला.
घुमट फिरवते, वारा मोजते,
कारूची माती ठरल्या आकड्यापुढे उडाली
की झडप लावून घेते.
खालच्या धुळीला आरशाशी येऊ द्यायचं नाही,
वरच्या धुळीचा नकाशा चाललाय.

आत लुंगिसा, अजून शिकतोय पोरगा,
दोन टोप्या डोक्यावर, रस्क चहात.
सांगतो : ताऱ्याच्या रेषा वाचल्या
की त्याचा मूळ रंग कळतो.
इथवर पोचतो तो थोडा तांबूस, थोडा विझलेला.
मधला फरक म्हणजे वाटेतली धूळ.
धुराहून बारीक, आणि आधी निळंच खाते.
लाखो तारे, तेवढ्याच वजाबाक्या,
मग कुठे अंधाराला उंचसखल येतं :
इथं दाट, तिथं विरळ,
एखाद्या जागी भोक, त्यातून पार पलीकडचं दिसतं.

"पण धूळ कशाची?"
"काजळी. आणि दगड," तो म्हणाला. "सिलिकेट."

हा शब्द मी आधी ऐकलाय, पा.
प्रीस्काच्या दवाखान्यात.

तुम्ही निळा दगड फोडायचात कूगासला.
कापसासारखा सुटतो, म्हणायचात,
जरा अभिमानानंच.
आई शेडच्या सावलीत हातोडीनं तंतू मोकळे करायची
आणि मी भरल्या पोत्यावर निजलेली,
मऊ लागायचं.

डॉक्टरांनी तुमच्या छातीची फिल्म उजेडाला धरली.
पेनाच्या टोकानं दाखवत गेले : हे बघा, इथं,
इथं जास्त,
इकडे अजून मोकळं आहे.
आयुष्यात पाहिलेला माझा पहिला नकाशा तो.

त्यानंतर तुमचं बोलणं आटलं.
एका वाक्याला दोन श्वास लागायचे,
दुसरं वाक्य तुम्ही करायचाच नाहीत.
दाराशी खुर्ची, चार पावलांवर,
आणि मी समजले, पा लांब गेले.
मीही गेले मग, केपटाउनला.
नाताळला फोन करायचे.
तुम्ही उचलायचात, आणि नुसता तो आवाज,
चाळणीतून काही गाळल्यासारखा.
मी ठेवून द्यायचे.

"नवशिक्यांची चूक आहे ही,"
लुंगिसा रस्क चावत कुणा दुसऱ्याच्या हिशेबाबद्दल बोलतोय.
"धूळ वजा केली नाही ना,
की प्रत्येक तारा आहे त्याहून लांब वाटतो."

मी काही बोलत नाही.
आकडा वहीत लिहिते, पुन्हा तपासते.
बरोबर आहे.

पलीकडच्या फार्मवरचे म्हातारे अजून सांगतात,
कुणा मुलीनं मूठभर राख वर उधळली
आणि आकाशात वाट उमटली,
रात्री घरी येणाऱ्यांना दिसावी म्हणून.
राखेनं वाट उजळते म्हणे.
मला हे कधी पटलं नव्हतं.
आजही अर्धंच पटतंय.

पहाटेचे चार. वारा पडलाय.
पडद्यावर धनु राशीकडचा एक चौकोन हळूहळू भरतोय.
मला खोकला येतो. कोरडा, छोटा.
लुंगिसा मान वर करतो.
"थंडी," मी म्हणते.
"पुढचा तारा सांग."