समर्पणाचं पान

पानाला बारा रुपये. जोडाक्षरं जास्त असली तरी बाराच.
बाळगोंडा मगदूम पहिल्यांदा दुकानात आले
तेव्हा पिशवीतनं वही काढण्याआधी त्यांनी भाव विचारला
आणि हिशेब मागच्या पुठ्ठ्यावर मांडला.
बावीस वर्षं साखर कारखान्याचे सचिव.
सवय जात नाही.

पॅनेल पडलं, आठवड्यात खुर्ची गेली.
मग कलम त्र्याऐंशीची चौकशी, सहा तारखा,
सहाही वेळा तेच प्रश्न.
"तिकडं दोरीनं टांगायचे," ते म्हणाले,
"आपल्याकडं तारखेनं."
तिकडं म्हणजे कुठं, मी विचारलं नाही.
टाइप करणारीनं विचारायचं नसतं.

पान सातवर कळलं.
पाचशे वर्षांमागं फ्लॉरेन्स नावाच्या शहरात
एक चिटणीस होता.
राज्य बदललं, तुरुंगात गेला, सुटला
आणि शेतावर जाऊन बसला.
दिवसा गिरणीवाल्याशी, वीटभट्टीवाल्यांशी पत्ते,
दमडीवरनं शिव्यागाळ,
आणि अंधार पडला की चिखलाचे कपडे उतरवून
दरबारी झगा घालायचा,
मेलेल्या मोठ्या माणसांना प्रश्न विचारायचा, लिहायचा.
मगदूमांनी हे विलिंग्डनला असताना वाचलेलं,
परीक्षेपुरतं.

आता कसबे डिग्रजात
वीटभट्टी त्यांच्याही बांधाला लागून आहे.
दुपारी रमी. संध्याकाळी आंघोळ, इस्त्रीचा सदरा,
खिशाला कारखान्याचं जुनं पेन,
आणि लाइट असली तर वही.

मी टाइप करत गेले:
तोडीची तारीख ज्याच्या हातात,
त्याला लोक कॅलेंडर बघून नमस्कार करतात.
कटू निर्णय एका बैठकीत उरका, बोनस चार सणांत वाटा.
माया दर साली नव्यानं लावावी लागते.
भीतीला खोडवा येतो.

इथं माझा हात थांबला.
"काका, हे पटतं तुम्हाला?"
"मी बघितलंय, वसुधा."
चष्मा पुसला. बाहेर टेम्पो मागं घेत होता कुणीतरी.
"पटलं असतं तर अजून खुर्चीत असतो."

नशिबावर एकच पान.
त्यात नशीब हा शब्द दोनदा, कृष्णा अकरा वेळा.
आयर्विन पुलावरचे फुटांचे आकडे,
हरिपूरची हळदीची पेवं, तोंडं लिंपलेली, आत पाणी.
नदी निजलेली असते तेव्हाच बांध घालावा,
असं तो चिटणीस सांगून गेला.
खाली मगदूमांचा शेरा:
निविदा उन्हाळ्यात. काम पावसाळ्यात.

पुस्तक अर्पण कुणाला?
ज्यानं काढलं त्यालाच. नवे चेअरमन, वय एकतीस.
नावाआधी मा., नावानंतर साहेब, ठळक अक्षरात.
मी काही बोलले नाही. बारा रुपये.

वाढदिवसाला स्पायरल घेऊन रांगेत उभे राहिले, दीड तास.
त्यांच्या पुढच्यानं जतहून कारवानी कुत्र्यांची जोडी आणलेली.
साहेब खाली बसले, कुत्रीचे कान चोळले,
दात बघितले, वय विचारलं.
स्पायरल पीएनं घेतलं
आणि नारळांच्या पोत्याखाली सारलं.

मगदूम हे सांगताना हसले.
"तिकडंही म्हणे कुत्रीच आडवी आली.
खरं-खोटं त्यालाच माहीत."

त्या मे महिन्यात मी दुकानात माळा करून घेतला.
शेजारी झेरॉक्सवाला म्हणाला, खर्च कशाला?
ऑगस्टमध्ये पाणी शटरच्या तिसऱ्या पट्टीपर्यंत आलं.
त्याचं मशीन गेलं. माझा संगणक कोरडा.
मला त्याचा आनंद झाला नाही, असं म्हणणार नाही.

दिवाळीनंतर मगदूम आले. वाळलेले.
"फाइल आहे?"
"आहे."
"पुढच्या साली निवडणूक.
समर्पणाचं पान काढ. नाव पूस.
मा. राहू दे, साहेब राहू दे."

"किती?"
"नाव पुसायचे पैसे नसतात, काका."

तरी वही उलटी करून
पुठ्ठ्यावर त्यांनी तारीख घातली
आणि समोर लिहिलं, शून्य.