दहा पावलं

आमच्या किनाऱ्याचं नाव बातू फेरिंगी,
म्हणजे फिरंग्यांचा खडक.
खडक आहे तिथेच आहे. फिरंगी येतात,
मी त्यांना वर नेतो.

पट्टे त्यांना. मला नाहीत.
त्यांच्या डोक्याच्या वर, दोरांत अनवाणी पाय अडकवून
मी बसतो, छत्रीच्या काडीवर चिमणी बसावी तसा.
उजवा दोर ओढला की उजवीकडे.
खाली वाळूत हैकलने लाल फडकं हलवलं की
वजन टाकून ओढायचं, आणि म्हणायचं, गुडघे सैल, गुडघे सैल,
सात भाषांत.

अकरा वर्षं मी माणसं पाहिली ती टाळूकडून.
रंगवलेल्या केसांची पांढरी मुळं,
टकलावर उन्हाने सोललेली साल,
दोन भोवऱ्यांचा एक नवरदेव:
बायको खालून फोटो काढत होती,
मी काही बोललो नाही.
कुणी किंचाळतं, कुणी आईला हाक मारतं.
एक आजोबा जाऊन येईपर्यंत डोळे मिटून होते,
उतरल्यावर म्हणाले, पुन्हा.

मकचिक रोसनी सुरूच्या झाडाखाली
उकडलेल्या शेंगा विकते.
ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी, दिवसभरात तीन गिऱ्हाइकं,
ती आली मुलाची फुटबॉलची पँट घालून,
वर सारोंग कमरेला खोचलेला.
म्हणाली, मला ने.

पैसे मोजले. पाच-पाचच्या नोटा, दमट.
मी म्हटलं, तुझ्याकडून कसले पैसे?
तर म्हणे, माझ्या शेंगा तू फुकट खातोस?
खातो.
पण ते तिच्या लक्षात नसावं.

ती वर गेली ती घागर वर यावी तशी,
न हिंदकळता.
बोटीचा आवाज आधी लहान झाला, मग नुसता दोर उरला.
खाली सगळं होतं: हॉटेलांचे निळे चौकोन,
नाल्याचं तपकिरी पाणी जिथे समुद्राला मिळतं ती रेघ,
पुढच्या पाण्यावर आमचीच सावली, पळणारी.
मला वाटलं, घर शोधेल. सगळे आपलं काहीतरी शोधतात.
तिने मान वर केली आणि नाकाने दोनदा
जोरात श्वास ओढला.

"इथे कसलाच वास नाही," ती म्हणाली.

मी हुंगून पाहिलं.
डिझेल नाही. शेवाळ नाही. तेल चोपडलेली माणसं नाहीत.
अकरा वर्षं, दिवसाला वीस फेऱ्या,
आणि मला हे माहीत नव्हतं.

"म्हणून," ती म्हणाली.
काय म्हणून? पण तेवढ्यात हैकलचं फडकं हललं
आणि मी ओढायच्या नादात.
गुडघे सैल म्हणायचं राहून गेलं.
ती वाळूत बसली धपकन, हसली नाही,
पट्टे सोडवायला थांबली नाही नीट,
तशीच गाडीकडे गेली, झाकण उघडलं,
आपल्याच शेंगांची पुडी भरून
वाफेसकट सोलून खाल्ली. मग आणखी एक पुडी.

नंतर सांगितलं तिने.
खाली आलेलं माणूस नेहमी दोन पुड्या घेतं,
वर जायच्या आधी एकही नाही.
हे कोडं तिला बावीस वर्षं छळत होतं.
भीतीने भूक लागते, असं तिचा नवरा म्हणायचा.
"भीती नाही रे. नाक रिकामं होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर
गाडी सुरूखाली नव्हती.
दहा पावलं पश्चिमेला सरकवलेली, वाऱ्याच्या वरच्या अंगाला,
उतरायच्या जागेच्या बरोबर नाकासमोर.

धंदा दीडपट झालाय. माझी पुडी अजून फुकट आहे.
फक्त आता उतरताना, माडांच्या शेंड्यांइतकं खाली आलो की
माझ्या पायांखालचं ते अनोळखी डोकं
अचानक वळतं,
आणि मला कळतं, आलो.