पुराची खूण

डोंगरे मैदानात सर्कस लागली तेव्हा
विदूषक थेट माझ्याकडेच आला.
मी किंचाळले. लोक हसले.
तो तर आधीपासूनच हसत होता.

खेळ सुटल्यावर टँकरच्या नळाशी
तोंड धुताना दिसला, अर्धंच धुतलेलं.
कुणी ओरडलं, "शिबू, पगार परवा."
धुतलेली बाजू पडली.
रंगवलेली तशीच, कानापर्यंत.

गोदेला पूर आला की आम्ही विचारतो,
दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं?
गुडघे, कंबर, छाती.
तोंडं त्यालाही दोन,
पण त्याला कधी भ्यायले नाही.

शिबूच्या आत पाणी कुठवर चढलंय
हे बघायला काहीच नव्हतं.

"वेडे, रंग तो नुसता," आत्या म्हणाली.
रिक्षात मी तिच्या लिपस्टिककडे
बघत बसले, अशोकस्तंभ येईपर्यंत.