बोलणे : बारा

कोयंडा हे माझ्या बाईचं नाव. खेळातल्या.
एकोणतिसावी पातळी, काळी कफनी, अंगात चिलखत नाही,
कुलूपविद्या शंभर.

दर पातळीला एक गुण मिळतो.
पुढ्यात फांद्या उघडतात : शस्त्र, सावली, कुलूप, बोलणे.
एकीवर बोट ठेवलं
की उरलेल्या जरा फिकट होतात.
दिलेला गुण परत घेता येत नाही.
मी दर वेळी कुलूपच घेतलं,
आधी हौसेनं,
दहाव्या वेळी मात्र
आधीचे नऊ वाया जाऊ नयेत म्हणून.

जीएसटीचंही असंच झालं, भिया.
तेरा वर्षं, सियागंजातली तीच फर्म,
आता दुसरं काही उजळतच नाही.

काल रात्री तुरुंगात पोचले.
सात दारं, सातही पहिल्या टिचकीत.
शेवटच्या कोठडीत कैदी भिंतीकडे तोंड करून.
दार सताड उघडं आणि तो उठेना.
त्याच्याशी बोलायची एक ओळ होती, करड्या अक्षरांत,
शेजारी आकडा : चाळीस लागतील.
कोयंडाकडे बारा.
मी कुलूप लावलं, परत उघडलं.
परत लावलं.

सकाळी, सुदामानगर.
शार्दूलचं दार परवापासून बंद आहे.
पीएससीचा तिसरा निकाल.
भंवरकुव्याहून आणलेली पुस्तकं पोत्यासकट जिन्यात.
आई म्हणते, तू मोठी, तू बोल.
ही कडी बाहेरून निघते,
फटीतून पट्टी सरकवून वर उचलायची,
लहानपणी कितीदा केलंय.
पट्टी घेऊन उभी राहिले.
मग ठेवून दिली.

जुन्या खेळांत गुण वाटत नसत,
जे कराल तेच वाढायचं.
पोहणं हवं तर नाकातोंडात पाणी जाईस्तोवर पोहा,
आकडा आपला आपण हलेल.

दारापाशी मांडी घालून बसले.
"शार्दूल."
मग बराच वेळ काहीच सुचलं नाही.
"पोहे आणलेत. शेव वेगळी बांधलीय."

हे काही चाळिसाचं वाक्य नव्हे.
बाराचं तरी असेल का कोण जाणे.
खाली कचरागाडी गाणं वाजवत आली,
थांबली, गेली.

मग आतून, बसलेल्या घशातून :
"जिरावन?"

विसरले होते.
चप्पल न घालताच जिना उतरले,
पोत्याला ठेच लागली.